डोळे मिटून हात वर

“समजा, आम्ही कालिजातली पोरं हाय,” तात्यासाहेब रणनवरे म्हणाले आणि प्रयोगशाळेच्या पहिल्या बाकात शिरू लागले. बाक काटकुळ्या पोरांच्या मापाचा. तात्यासाहेब संस्थेचे अध्यक्ष आणि त्यांचं पोट अध्यक्षपदाला साजेसं. ते अर्धे आत गेले आणि अडकले. प्राचार्य सोनटक्क्यांनी लगबगीने बाक मागे ओढला, तेव्हा कुठे अध्यक्षांचा विद्यार्थी झाला.

शेजारी प्राचार्य बसले. मागच्या बाकावर विद्यापीठातून आलेले विषयतज्ज्ञ डॉ. पेंढरकर आणि त्यांच्या कडेला सरकारी कार्यालयातून आलेले एक गृहस्थ. त्यांचं नाव मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर ते विचारावंसंही वाटलं नाही. ही निवड समिती. उमेदवाराने पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं आणि या चौघांनी विद्यार्थी होऊन बसायचं, अशी आमच्या संस्थेची रीत होती. रीत वाईट नव्हती. फक्त त्या पंधरा मिनिटांत चौघांपैकी कुणी काही शिकतं का, हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

“वाकळे मॅडम,” प्राचार्य मला म्हणाले, “तुम्ही काय, घरच्याच. आधी भोईटे सरांचं होऊ द्या. तोवर चहाचं तेवढं बघा.”

उमेदवार मीही होते. माझ्याही हातात प्रमाणपत्रांची फाईल होती. पण भोईटे सरांना कुणी चहाचं बघा म्हणालं नाही, कारण ते बाहेरचे होते आणि पुरुष होते. मी फाईल कपाटावर ठेवली आणि शेजारच्या खोलीत कपबशा विसळायला गेले.

याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. नीरेच्या काठावरच्या तालुक्याच्या गावातलं ते कॉलेज. मी तिथे वनस्पतीशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, आणि सुट्टी लागली की तुम्ही कोण नि आम्ही कोण. त्या वर्षी विभागात कायमची एक जागा निघाली. एकच. तिथे कायमचा माणूस आला की तासिकावालीची गरज संपणार होती. जागा मला मिळाली तर मी त्या कॉलेजची, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवसापासून मी घरी. मधलं काही नव्हतं.

माझ्याबद्दल कॉलेजात दोन मतं होती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. एकच मत होतं. ‘वाकळे मॅडम शिकवत नाहीत.’ मी एकदा पुण्यात उजळणी वर्गाला गेले होते. तिथे एका म्हाताऱ्या सरांनी आम्हाला शिकवायची एक पद्धत दाखवली. थोडं सांगायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आपापलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, त्याला पटवायचं, आणि परत उत्तर द्यायचं. मागच्या आठवड्यातलं वहीत न बघता आठवून लिहायला लावायचं. वरवर पोरखेळ वाटतो, पण त्यावर देशोदेशी अभ्यास झालेत, आकडे मांडलेत, असं ते म्हणाले होते. मी परत आल्यावर करून बघितलं. माझ्याकडे दोन तुकड्या होत्या. एकीला पेशीविभाजन छान रंगवून सांगितलं, दुसरीला भांडायला लावलं. पहिली तुकडी खूश. दुसरीतल्या पोरी प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेल्या, की मॅडम स्वतः काही सांगत नाहीत, आम्हालाच विचारतात. परीक्षेत भांडणारी तुकडी पहिलीच्या कितीतरी पुढे गेली.

मी ते प्राचार्यांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, “पेपर सोपा असेल.”

“दोघींना एकच पेपर होता, सर.”

“मॅडम, तुमच्या वर्गात बाजार भरतो. शेजारच्या वर्गात इंग्रजीच्या सरांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शिकवणं ही कला आहे. शिक्षक जन्मावा लागतो, तो आकडे मांडून होत नाही. आणि पोरं शांत बसली पाहिजेत. शांत बसली म्हणजे आत जातंय.”

पोरं शांत बसली म्हणजे झोपलीही असतील, हे या माणसाला तीस वर्षं पोरांसमोर उभं राहून कळलं नव्हतं.

तर मी कपबशा विसळत होते आणि मधल्या उघड्या दारातून जयकर भोईट्यांचा आवाज येत होता. भोईटे म्हणजे आमच्या भागातलं व्याख्यानांचं मोठं नाव. गणेशोत्सव असो, जयंती असो, साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायची असो, भोईटे हवेतच. विषय कुठलाही चाले. समितीने सगळ्या उमेदवारांना एकच विषय दिला होता, प्रकाशसंश्लेषण. भोईट्यांनी खिशातून कागद काढला नाही. फळ्याकडे न बघता पूर्ण समीकरण लिहिलं, कार्बन डायऑक्साइड, पाणी, साखर, प्राणवायू, सगळं.

“सूर्य हा पिता, धरित्री ही माता,” ते म्हणत होते, “आणि हिरवं पान म्हणजे मित्रांनो, या विश्वाचं स्वयंपाकघर! तुम्ही चुलीत लाकूड घालता, तेव्हा काय जळतं? लाकूड? नाही! लाकूड म्हणजे गोठलेलं ऊन! शेकडो दिवसांचं ऊन त्या बाभळीने आपल्या उरात साठवलं, आणि आज ती ते तुमच्या भाकरीसाठी मोकळं करते आहे!”

“वा!” डॉ. पेंढरकर म्हणाले. सरकारी गृहस्थ जागे झाले. शेवटी चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा प्राचार्य आपला दंड तात्यासाहेबांना दाखवत होते. “बघा तात्या, काटा आलाय अंगावर.”

“गडी बोलतोय पण कसा,” तात्यासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले. “नीरेला पाणी सोडल्यासारखा.”

भोईटे नम्रपणे हसून बाहेर गेले. मी रिकामे कप उचलले, ट्रे शेजारच्या खोलीत ठेवला, पदराला हात पुसले आणि फळ्यासमोर येऊन उभी राहिले. आत्तापर्यंत चहावाली होते, आता उमेदवार. चौघांच्या चेहऱ्यावर, आता ही आणखी काय सांगणार, असा भाव स्पष्ट होता. खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. मी घरून जे ठरवून आणलं होतं ते सगळं समीकरणासकट फळ्यावर होतं.

“भोईटे सरांचं सगळं कळलं का?” मी विचारलं.

“कळलं!” चौघे एका सुरात.

“काही अडलं नाही?”

“आवं, न कळण्यासारखं काय ठिवलंच न्हाई त्यानी,” तात्यासाहेब म्हणाले.

“मग मी परत तेच सांगत नाही. एकच प्रश्न विचारते.”

“मॅडम,” डॉ. पेंढरकर मागून म्हणाले, “इथे प्रश्न आम्ही विचारायचे असतात.”

“आसूंद्या हो डाक्टर,” तात्यासाहेब म्हणाले. “आत्ता आपण पोरं हाय. इचारा बाई.”

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बाभळीच्या खोडाचा एक ओंडका होता. वर्षानुवर्षं वाळलेला, पोरांना खोडातली वर्तुळं दाखवायला ठेवलेला. मी तो ढकलत मध्ये आणला. उचलणं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि बाकावरून कुणी उठलं नाही.

“ही बाभूळ चिंचोक्याएवढ्या बीपासून वाढली,” मी म्हटलं. “आता हा नुसता तुकडा मला उचलत नाही. यातलं पाणी कधीच वाळून गेलंय. हे जे वजन उरलंय, ते बहुतेक सगळं कुठून आलं?” फळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात मी चार शब्द लिहिले: माती, पाणी, हवा, ऊन. “डोळे मिटा. मी एकेक नाव घेते. ज्याला जे वाटतं त्याला हात वर करा. डोळे मिटायचे ते अशासाठी, की कुणी कुणाचं बघायचं नाही.”

निवड समितीने डोळे मिटले. अध्यक्ष, प्राचार्य, विषयतज्ज्ञ आणि सरकार, चौघेही बाकावर डोळे मिटून बसलेत, हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही.

“माती.”

तात्यासाहेबांचा हात वर. सरकारी गृहस्थांचा वर. आणि मागे डॉ. पेंढरकरांचा, अगदी ताठ, ठाम. शेवाळावर पीएचडी, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर, त्यांची पाठ्यपुस्तकं आमची पोरं घोकत. दहा मिनिटांपूर्वी ज्या समीकरणाला ते ‘वा’ म्हणाले होते ते त्यांच्या समोर फळ्यावर होतं, आणि त्यात माती हा शब्दच नव्हता.

पाण्याला आणि हवेला सरकारी गृहस्थांनी हात वर केला. उन्हाला त्यांनी आणि प्राचार्यांनी. सरकारचं म्हणजे सगळ्यांनाच अनुमोदन.

“उघडा डोळे. तुमची उत्तरं वेगवेगळी आहेत. कुणाचं काय ते मी सांगणार नाही. आता शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवा.”

प्राचार्य तात्यासाहेबांकडे वळून अदबीने म्हणाले, “तात्या, आपण म्हणाल ते.”

“आवं, म्या काय म्हणालो ते तुमाला ठावं तरी हाय का?”

“जे म्हणाला असाल ते बरोबरच असणार.”

“प्राचार्य, म्या आत्ता अध्यक्ष न्हाई. पोरगा हाय. बाई भांडा म्हणत्यात तर भांडा की! काय म्हणालासा तुम्ही?”

प्राचार्यांनी घसा खाकरला. “मी ऊन म्हणालो. भोईटे सर म्हणाले ना, गोठलेलं ऊन.”

“उनाला वजन आस्तं व्हय?” तात्यासाहेब म्हणाले. “आमच्या घरात उन्हाळाभर पापड वाळत पडत्यात. जड हुत्यात का हलकं?”

“हलके.”

“मग? ऊन गोठलं आसतं तर पापड उचलाया गडी लावावा लागला आसता. न्हाई, ऊन न्हाई. म्या म्हणतो माती. झाड मातीतनं खातं. एवढं शेणखत का घालतो आपण?”

“बरोबर,” प्राचार्य सुटका झाल्यासारखे म्हणाले.

“तुमची बांधावरची झाडं किती जुनी आहेत, तात्या?” मी विचारलं. त्या पंधरा मिनिटांत मी जे काही शिकवलं, ते असं तीन-चार वाक्यांत मावेल एवढंच.

“आज्याच्या येळची. ह्या खोलीत मावायची न्हाईत. बाभळीच हायत.” ते बोलता बोलता थांबले. मग मान तिरकी करून त्या ओंडक्याकडे बघत राहिले. “थांबा. थांबा जरा. येवढं लाकूड जर मातीतनं आलं, तर बुडाला खड्डा पडाया पायजे. हीर पडाया पायजे! खड्डा तर न्हाई. उलट माती चढलीया बुडाला.”

मागच्या बाकावर डॉ. पेंढरकर काहीतरी खनिजद्रव्यांबद्दल सरकारी गृहस्थांना समजावत होते. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला.

“मंग पाणी?” तात्यासाहेब स्वतःलाच विचारत होते. “पर पाणी वाळून गेलं म्हणत्यात बाई. ऱ्हायली हवा. हवंचं लाकूड हुतंय? काय येड्यागत बोलाया लागलो म्या.”

“हा ओंडका चुलीत घातला तर काय उरेल?” मी विचारलं.

“राख. घमेलंभर बी न्हाई.”

“आणि बाकीचं कुठे जाईल?”

“धूर हून वर. हवंत.” मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा चेहरा आजवर फार थोड्या विद्यार्थ्यांचा बघितलाय. त्यांनी बाकावर थाड्‌कन हात मारला. “आलं तिथंच गेलं की! हवंतनं आलं, हवंत गेलं! आन् राख ऱ्हाती ती मातीची, तेवढीच मातीची! प्राचार्य, त्या फळ्यावर पयलं काय लिवलंय? त्यो हवंतलाच न्हवं?”

“कार्बन डायऑक्साइड. हो तात्या, हवेतलाच.”

“मंग मघाधरनं हितंच लिवलं हुतं की! आन् आपण टाळ्या वाजीवल्या!”

मी पुन्हा डोळे मिटायला सांगितले. माती म्हटलं, एकही हात नाही. हवा म्हटलं, चारही वर. सरकारी गृहस्थांनीसुद्धा या खेपेला फक्त एकदाच हात वर केला.

“मी पहिल्यापासून हवाच म्हणत होतो,” डॉ. पेंढरकर डोळे उघडून म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

मी बाहेर आले ती तरंगतच. जागा माझीच, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. अध्यक्ष स्वतः बाक बडवत होते. वर्षानुवर्षं ज्याला हे लोक बाजार म्हणत आले, तो बाजार आज त्यांच्यात भरला होता, आणि चौघेही काहीतरी शिकून उठले होते. व्हरांड्यात भोईटे खांबाला टेकून उभे होते. मला त्यांची कीव आली. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात वाढून बिचारे आशेने थांबलेत, असं वाटलं.

थोड्या वेळाने तात्यासाहेब स्वतः बाहेर आले. ते मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. माणूस सरळ होता. संस्थेत जागा विकल्या जातात अशी कुजबूज गावोगावी असते, पण इथे तसलं काही झालं नव्हतं. झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. लबाडीला शिव्या देता येतात.

“बाई, वाईट वाटून घिऊ नगासा,” ते म्हणाले. “भोईट्याला घ्यायचं ठरलं.”

मी खांबाला टेकलेल्या भोईट्यांकडे बघितलं.

“तुमचा सोभाव चांगला हाय. समद्यांनी कबूल केलं. पर डाक्टर म्हणालं, बाईंना बोलताच येत न्हाई, आत्मविश्वास न्हाई. आन् खरं सांगू का? मला बी पटलं त्ये.”

“तात्या, बाभळीचं उत्तर बरोबर आलं ना?”

“आलं की! झ्याक आलं.”

“मघाशी तुम्ही माती म्हणत होता.”

“व्हय. मातीच म्हणत हुतो.”

“मग?”

“आवं बाई, पर त्यात तुम्ही काय शिकिवलं?” ते अगदी मनापासून, समजुतीच्या सुरात म्हणाले. “पापडाचं म्या काढलं. खड्ड्याचं म्या काढलं. धुराचं बी म्याच काढलं. समदं डोकं आमचं आन् पगार तुमाला द्यायचा? त्या भोईट्यानं बगा, आपल्याला काय करू दिलं न्हाई. निस्तं बसून ऐकायचं. मन कसं भरलं.”

ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, शिकणं शिकणाऱ्याच्याच डोक्यात होतं, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात ते करता येत नाही, आणि तुम्ही काढलंत म्हणूनच ते तुमचं झालं. पण तात्यासाहेबांच्या डोळ्यांत इतका प्रामाणिकपणा होता की माझं तोंड बंद झालं. पेंढरकर खोटं बोलले होते, त्यांचा हात मातीला ठाम वर गेलेला मी एकटीने बघितला होता, आणि तेही सांगता आलं असतं. पण चहावाल्या बाईचं कोण ऐकणार होतं?

तेवढ्यात प्राचार्य पेढ्याचा पुडा घेऊन आले. भोईट्यांच्या घरच्यांनी तो आधीच आणून ठेवला होता, इतका त्यांचा स्वतःवर विश्वास होता. मलाही एक मिळाला. मी तो खाल्ला. मग आत जाऊन ट्रेमधले उष्टे कप तसेच सोडले आणि कपाटावरची फाईल घेऊन घरी गेले. त्या कॉलेजातला माझा तो शेवटचा दिवस.

पुढचं थोडक्यात सांगते. वर्ष-दीड वर्षाने मला दुसऱ्या तालुक्यात मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली. तिथल्या प्राचार्यबाईंनी माझा गोंगाट चालवून घेतला, कारण त्यांचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत होतं. माझ्या पोरी अजूनही पहिले दोन महिने मला शिव्या घालतात, ‘मॅडम शिकवत नाहीत’ म्हणून. भोईटे पुढे चढत चढत त्या कॉलेजचे प्राचार्य झाले. इतकी वर्षं ते शांत बसलेल्या पोरांवर धबधबा ओतत राहिले. पोरं बाहेर पडून म्हणायची, काय शिकवायचे सर! आणि परीक्षेला ‘अपेक्षित प्रश्नां’चे संच पाठ करायची.

मागच्या पावसाळ्यात त्या कॉलेजने मला वृक्षारोपणाला पाहुणी म्हणून बोलावलं. बोलावणाऱ्या तरुण पोरांना जुनं काही माहीत नव्हतं. मी गेले, मुद्दामच गेले. व्यासपीठावर भोईटे उभे राहिले. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच.

“हे झाड कशाचं बनलंय, मित्रांनो?” त्यांनी हात पसरले. “या मातीचं! आपल्या या काळ्या आईच्या कणाकणाने त्याचा देह घडलाय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यभर प्रकाशसंश्लेषण शिकवलेला माणूस. मी खाली मान घालून हसले, आणि हसू फार कडू होतं.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या कडेला चहा होता. तिथे खुर्चीवर तात्यासाहेब बसले होते. खूप थकले होते, पोट गेलं होतं, हातात काठी. दोन प्राध्यापक त्यांच्या आजूबाजूला हसत उभे होते.

“या बाई, बसा,” त्यांनी मला न ओळखताच बोलावलं. “पाव्हण्या न्हवं तुम्ही? मंग डोळं मिटा.”

“काय?”

“तात्या प्रत्येकाला विचारतात,” एक प्राध्यापक हळूच म्हणाला. “लग्नकार्यात, मयताच्या बैठकीत, कुठेही.”

“डोळं मिटा,” तात्यासाहेब म्हणाले. “बाभळीचं लाकूड कुठनं येतं? माती, पाणी, हवा का ऊन? हात वर करायचा. बगायचं न्हाई कुणाचं.”

मी डोळे मिटले. माती म्हटल्यावर हात वर केला. खोटाच. मला बघायचं होतं.

“हां! समदे हितंच फसत्यात. आमचं प्राचार्य बी मघाशी फसलं, पर त्यानला आता सांगायचं कसं. बरं, म्या काय सांगणार न्हाई. बाई, तुमी पापड वाळीवता न्हवं?”

आणि मग त्या म्हाताऱ्याने मला पापडावरून उन्हाकडे नेलं, बांधावरून खड्ड्याकडे, चुलीवरून धुराकडे. एक पायरी चुकली नाही. कुठे उत्तर तोंडात दिलं नाही. मी मुद्दाम अडले तिथे तो थांबला, आणि दुसरा प्रश्न शोधून त्याने मला पुढे काढलं. वर्गात इतका चांगला तास फार थोड्यांनी घेतलेला मी बघितलाय. माझ्या मनातली त्याच्यावरची जुनी अढी आणि एक वेगळाच आनंद यांची अशी सरमिसळ झाली, की मला रडू येईल असं वाटलं.

“हवेतून,” मी शेवटी म्हटलं.

“बगा!” त्यांनी काठी आपटली. “म्या सांगितलं का? न्हाई. तुमचं तुमी काढलं. ह्येला म्हणत्यात शिकिवणं. आन् हे बोलघेवडे मास्तर बगा, तास-तास बोलत्यात आन् पोरांच्या डोस्क्यात खडखडाट.”

“तुम्हीच निवडलेत ना ते?”

“भोईट्याला व्हय? म्याच. काय बोलला हुता गडी त्या दिशी!”

“कशावर बोलले होते?”

“त्ये काय ध्यानात न्हाई.” ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघू लागले. “तुमाला कुठंतरी बगितलंय म्या. हितं हुता का तुमी पयलं?”

“होते.”

“हां, हां, आटवलं. तुमी चहाचं बगायचा.”

“हो,” मी म्हटलं. कप माझ्या हातातच होता. “पण तात्या, हे असं डोळे मिटून, विचारून विचारून शिकवायचं तुम्हाला कुणी शिकवलं?”

तात्यासाहेबांनी अभिमानाने मान वर केली.

“कुणी न्हाई,” ते म्हणाले. “माझं म्याच काढलं.”